हौशी रेसरचा मोठा ट्रेलर: अमेरिकेत काय पाळायचं आणि रस्त्यात अडवलं तर काय करायचं

हा लेख ट्रेलर विकत घेण्याआधी वाचा. घेतल्यावर वाचलात तर निम्म्या गोष्टी हाताबाहेर गेलेल्या असतात. तुमच्या पिकअप-ट्रेलरच्या जोडीला अमेरिकेत कोणते नियम लागतील हे मुख्यतः दोन ठिकाणी ठरतं: ट्रेलरच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवर आणि तुमच्या टॅक्स रिटर्नमध्ये.

सुरुवात बहुतेकांची सारखीच असते. ट्रॅक डेला रोजचीच गाडी जाते. मग रोल केज (आतला संरक्षक पिंजरा) बसतो, स्लिक (नक्षी नसलेले) टायर येतात आणि गाडी ट्रेलरवर चढते. आधी उघडा अठरा फुटी ट्रेलर असतो. पुढे त्याच्या जागी चोवीस फुटी बंद ट्रेलर येतो, त्यात सुटे टायर, जनरेटर, टूलबॉक्स, कपाटं आणि झोपायची सोय. सामान वाढतं तसं वजनही वाढतं आणि एके दिवशी हायवेवरचा अधिकारी तुमच्याकडे ट्रकवाल्याच्या नजरेने बघू लागतो.

दोन आकडे: १०,००१ आणि २६,००१

प्रत्येक पिकअपच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर आणि प्रत्येक ट्रेलरच्या डाव्या बाजूला, पुढच्या अर्ध्या भागात, एक पट्टी असते. तिच्यावर जीव्हीडब्ल्यूआर लिहिलेलं असतं, म्हणजे त्या वाहनाचं मालासकट जास्तीत जास्त किती वजन असावं असं बनवणाऱ्याने ठरवलंय तो आकडा. खाली त्याला रेटिंग म्हणू. रेटिंग आणि प्रत्यक्ष वजन यांत जे जास्त असेल ते धरलं जातं. म्हणून ‘ट्रेलर रिकामाच होता’ हा बचाव चालत नाही. जोडीसाठी पिकअपचं आणि ट्रेलरचं रेटिंग यांची बेरीज करतात. पिकअपच्या पट्टीवर जोडीचा वेगळा आकडा छापलेला असेल आणि तो बेरजेपेक्षा मोठा असेल, तर तो धरतात.

पहिली रेषा १०,००१ पौंडांची, म्हणजे साधारण ४,५३६ किलोंची. तितकी किंवा तिच्या वरची जोडी धंद्यासाठी राज्याची हद्द ओलांडून चालत असेल तर केंद्रीय मोटर वाहक नियम, म्हणजे ट्रकवाल्यांचे नियम, लागू होतात. लक्षात घ्या, दोन घोड्यांच्या ट्रेलरइतकी छोटी जोडीसुद्धा या रेषेच्या सहज वर जाते.

दुसरी रेषा २६,००१ पौंडांची, म्हणजे ११,७९४ किलोंची. जोडी या रेषेवर किंवा तिच्या वर आणि तिच्यातला ट्रेलर एकटा १०,००० पौंडांपेक्षा जास्त, या दोन्ही अटी एकत्र जुळल्या की क्लास ए, म्हणजे जड जोडीच्या लायसन्सचा प्रश्न येतो. एकच अट पूर्ण झाली तर येत नाही. एकटं वाहनच २६,००१ किंवा त्यावर असेल, जसं ट्रकच्या चासीवर बांधलेलं टोटर होम (राहायची सोय असलेलं, ट्रेलर ओढणारं वाहन), तर प्रश्न क्लास बीचा होतो. त्याच्यामागे १०,००० पौंडांवरचा ट्रेलर लावला की पुन्हा क्लास ए.

आता खऱ्या जोड्या घेऊन बघू. १०,००० रेटिंगची पाऊणटनी पिकअप (हे वर्गाचं नाव, वजन नव्हे) आणि १४,००० चा ट्रेलर: बेरीज २४,०००, क्लास ए नाही. मागे चार चाकं असलेली १४,००० ची ड्युअली आणि तोच १४,००० चा ट्रेलर: २८,०००, क्लास एच्या हद्दीत. तीच ड्युअली आणि ९,९९० चा ट्रेलर: २३,९९०, पुन्हा बाहेर. बाजारात ९,९९० पौंड रेटिंगचे इतके ट्रेलर का दिसतात, हे आता कळलं असेल. बनवणारे ५,२०० पौंडांचे दोन अ‍ॅक्सल बसवून मुद्दाम पट्टीवर ९,९९० लिहितात. एकच गाडी, चार सुटे टायर आणि माफक अवजारं नेणाऱ्याला असा ट्रेलर पुरतो, आणि पहिला बंद ट्रेलर म्हणून आम्ही तोच घ्यायला सांगू. पण त्यात ११,००० पौंड भरलेत तर पट्टीवरचा ९,९९० तुम्हाला वाचवणार नाही. काट्यावरचं वजन धरलं जाईल आणि ओव्हरलोडचा दंड वेगळा बसेल.

हौस की धंदा

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. केंद्रीय नियमसंहितेत, ४९ सीएफआर ३९०.३ मध्ये, एक सूट आहे. कुणी व्यक्ती स्वतःची वस्तू अधूनमधून, मोबदला न घेता आणि धंद्याच्या कामासाठी नव्हे अशी नेत असेल, तर तिला मोटर वाहक नियम लागू नाहीत. बक्षिसाची रक्कम असलेल्या शर्यतीला गाडी, बोट किंवा घोडा नेणाऱ्याला ही सूट मिळते का, याचा खुलासा हे नियम राबवणाऱ्या केंद्रीय संस्थेने, म्हणजे एफएमसीएसएने केलेला आहे. सूट मिळते, पण अटींवर. बक्षिसाचे पैसे साधं उत्पन्न म्हणून टॅक्समध्ये दाखवलेले हवेत, रेसिंगचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून वजा केलेला नसावा, आणि कंपनीची स्पॉन्सरशिप नसावी. लायसन्सचं मात्र ज्याने त्याने आपापल्या राज्यात विचारावं, असंही तिथे सांगितलं आहे.

या अटी लोक कुठे मोडतात ते नीट समजून घ्या.

ज्यांचा स्वतःचा व्यवसाय आहे, मग ती सॉफ्टवेअर सल्लागारी असो, मोटेल असो की दातांचा दवाखाना, त्यांना अकाउंटंट सांगतो की ६,००० पौंडांवरची पिकअप कंपनीच्या नावावर घ्या, टॅक्स कायद्याच्या कलम १७९ खाली खर्चात टाका. टॅक्सच्या बाजूने तो सल्ला बरोबर असू शकतो. पण त्याच पिकअपने तुम्ही रेसला गेलात की रजिस्ट्रेशनवर एलएलसीचं, म्हणजे कंपनीचं, नाव दिसतं, आणि ‘ही माझी वैयक्तिक वस्तू, वैयक्तिक प्रवास’ असं म्हणायला जागा उरत नाही. त्यातून रेसचा खर्च ‘जाहिरात’ म्हणून वजा केलेला असेल तर सूट गेलीच. टॅक्सची बचत आणि हौसेची सूट या दोन दगडांवर पाय ठेवता येत नाही. कुठला दगड हवा ते पिकअप घेतानाच ठरवा.

स्पॉन्सर हा दुसरा खड्डा. टायरवाल्याने दोन टायर फुकट दिले आणि बदल्यात ट्रेलरवर त्याचं नाव मोठ्या अक्षरांत लावलं, तर अधिकाऱ्याला ती चालती जाहिरातच दिसते. रेसच्या गाडीवर क्लबच्या नियमाने लागणारे स्टिकर गाडीबरोबर ट्रेलरच्या आत राहतात, त्यांचा सहसा प्रश्न येत नाही. ट्रेलरचा बाहेरचा पांढरा पत्रा कोरा ठेवा. ज्याला नाव रंगवायची फार हौस असेल त्याने पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्यांच्या जागेत, तंबूवर बॅनर लावावा.

तिसरा खड्डा पैशांच्या देवाणघेवाणीचा. मित्राची गाडीही आपल्या ट्रेलरवर घेतली आणि त्याने दोनशे डॉलर हातावर ठेवले, की दुसऱ्याची वस्तू मोबदला घेऊन नेली असं होतं. १०,००१ पौंडांवरच्या जोडीने भाड्याने माल राज्याबाहेर न्यायचा तर ऑपरेटिंग ऑथॉरिटी (भाड्याने माल नेण्याचा केंद्रीय परवाना) आणि किमान साडेसात लाख डॉलरचा दायित्व विमा लागतो. पेट्रोलला म्हणून दिले तरी ते पैसे हातात घेऊ नका. त्याला वाटेतल्या जेवणाचं बिल भरू द्या. एन्ड्युरन्स रेसमध्ये गाडीतली सीट विकणारे, ‘या आणि चालवा’ पद्धतीने पैसे घेणारे आणि कोचिंगची फी घेणारे सरळ धंद्यात मोडतात, मग वर्षाअखेरीस हातात एक डॉलर उरो वा न उरो.

आणि ती पाटी, ‘नॉट फॉर हायर’. ट्रेलरवर ती चिकटवली की सगळे नियम सुटतात, अशी पक्की समजूत आहे. भाड्याने माल न नेणारे, म्हणजे स्वतःच्या धंद्याचा माल नेणारेही याच नियमांखाली येतात. पाटीमुळे एवढंच कळतं की तुम्ही भाडं घेत नाही. तुम्ही हौशी आहात हे तिने सिद्ध होत नाही.

लायसन्स

केंद्रीय सूट मिळाली म्हणजे साध्या लायसन्सवर काहीही ओढता येतं असं नाही. व्यावसायिक लायसन्स, म्हणजे सीडीएल, हौशी माणसाला लागत नसलं तरी राज्य त्याच वजनासाठी बिगर-व्यावसायिक क्लास ए मागू शकतं. टेक्सस आणि पेन्सिल्व्हेनियात २६,००० वरची जोडी आणि १०,००० वरचा ट्रेलर असेल तर बिगर-व्यावसायिक क्लास ए लागतं. कॅलिफोर्निया जोडीची बेरीज बघण्याआधी ट्रेलरच बघतो: साध्या क्लास सी लायसन्सवर १०,००० पौंडांच्या आतला ट्रेलर, आणि त्यापुढे बिगर-व्यावसायिक क्लास ए किंवा ठरावीक फिफ्थ व्हीलसाठी (पिकअपच्या हौद्यात जोडल्या जाणाऱ्या ट्रेलरसाठी) वेगळी नोंद. म्हणजे टेक्ससमध्ये पाऊणटनी पिकअपमागे जो १४,००० चा ट्रेलर साध्या लायसन्सवर चालतो, तो घेऊन तुम्ही सॅन होजेला राहायला गेलात की नव्या लायसन्ससाठी परीक्षा द्यावी लागते. परीक्षा तुमच्याच जोडीवर होते: आधी तपासणी तोंडी सांगत फिरायचं, मग सरळ मागे घेणं, मग रस्ता.

राज्याच्या वाहन खात्यात विचारताना ‘रेस कार ट्रेलर’ असं म्हणून विचारू नका, उत्तर ज्याच्या त्याच्या अंदाजाने मिळेल. पिकअपचं रेटिंग इतकं, ट्रेलरचं इतकं, वापर वैयक्तिक, मोबदला नाही, असं लिहून विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.

एच-वन-बी व्हिसावर असणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या सीडीएलचे नियम केंद्र सरकारने २०२५ पासून फार कडक करायला घेतले आहेत. ‘लागलंच तर सीडीएल काढू’ या भरवशावर मोठी जोडी घेऊ नका. तुमच्यासाठी ९,९९० ची पट्टी हाच शहाणपणाचा मार्ग.

धंद्यात मोडत असाल तर

मग लपवाछपवी करू नका, नियमाने चाला. काम दिसतं तितकं अवघड नाही. यूएसडीओटी नंबर, म्हणजे वाहक म्हणून केंद्रीय नोंदणीचा क्रमांक, एफएमसीएसएच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो आणि त्याची माहिती दर दोन वर्षांनी नव्याने भरावी लागते. नंबर मिळताच ‘तुमची नोंदणी अपुरी आहे, इतके डॉलर भरा’ अशी सरकारी वाटणारी पत्रं आणि फोन येऊ लागतात. ते खासगी एजंट असतात, त्यांना पैसे देऊ नका. नंबर आणि धंद्याचं नाव पिकअपच्या दोन्ही दारांवर, दिवसा ५० फुटांवरून वाचता येईल असं. ड्रायव्हरचं मेडिकल सर्टिफिकेट, जास्तीत जास्त दोन वर्षांचं. पिकअप आणि ट्रेलर दोन्हींची वार्षिक तपासणी. यूसीआरची, म्हणजे राज्याबाहेर जाणाऱ्या वाहकांच्या नोंदणीची, वार्षिक फी. ५ बी:सी दर्जाचं, पक्कं बसवलेलं अग्निशामक आणि तीन परावर्तक त्रिकोण.

ड्रायव्हिंगच्या तासांचा नियम रेसरला सगळ्यात जास्त टोचतो. सलग १० तास विश्रांतीनंतर जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते, तीही कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत, आणि ८ तास चालवल्यावर ३० मिनिटांचा खंड घ्यावा लागतो. रेस धंद्यासाठी असेल तर रविवारी दिवसभर पिटमध्ये केलेलं काम त्या १४ तासांत मोजलं जातं. सकाळी सातला गॅरेजमध्ये उभे राहिलात तर रात्री नऊनंतर ट्रेलर ओढायचा नाही. सोमवारी ऑफिस आहे म्हणून रविवारी रात्रीच निघणाऱ्यांचं गणित इथे बसत नाही, रजा टाकावी लागते. हौशी माणसाला हा नियम बांधील नाही, पण झोप त्यालाही येते. तीन दिवस उन्हात उभं राहून रात्री सहा तास १२ टन ओढू नका. कुठल्याही ३० दिवसांत आठ किंवा त्याहून कमी दिवसच तासांची नोंद ठेवावी लागत असेल तर इलेक्ट्रॉनिक उपकरण न लावता कागदी लॉग चालतो.

जोडी २६,००० पौंडांवर असेल तर इंधन कराची इफ्टा नोंद आणि अनेक राज्यांत चालणारी अपोर्शन्ड प्लेट हेही मागे लागतं. निव्वळ वैयक्तिक मौजेसाठी वापरलेलं मोटर होम यातून सुटतं. टोटर होम वापरणारे याच आधारावर चालतात, म्हणून त्याची नोंदणी मोटर होम म्हणूनच आणि स्वतःच्याच नावावर आहे ना, हे कागदावर पाहून घ्या.

निघण्याआधी काट्यावर

ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचा तीन भागांचा काटा असतो. पूर्ण भरलेली जोडी घेऊन जा: पुढची चाकं पहिल्या भागावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर. हिचला (ट्रेलर जोडायच्या सांध्याला) वजन वाटून देणाऱ्या दांड्या असतील तर या मापासाठी त्या सैल करा. मग ट्रेलर सोडून एकटी पिकअप तोला. पहिल्या मापातल्या पुढच्या-मागच्या चाकांच्या बेरजेतून एकट्या पिकअपचं वजन वजा केलं की ट्रेलरची जीभ, म्हणजे पुढचा जोडायचा दांडा, पिकअपवर किती भार टाकते ते कळतं. हा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवा; गूसनेक (हाही हौद्यातच जोडतात) किंवा फिफ्थ व्हीलला १५ ते २५. ८,००० पौंडांच्या ट्रेलरला ८०० ते १,२००.

भार कमी असेल तर ट्रेलर शेपटी हलवू लागतो. बाजूने मोठा ट्रक गेला किंवा उतार लागला की हेलकावे वाढतात. तेव्हा पिकअपचा ब्रेक मारू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि पिकअपमधल्या ब्रेक कंट्रोलरचा (ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या डबीचा) हाताचा खटका दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. पुढच्या थांब्यावर रेसची गाडी ट्रेलरमध्ये सहा-आठ इंच पुढे घ्या. गाडीच्या चाकांची बरोबर बसलेली जागा रंगाच्या पट्टीने जमिनीवर आखून ठेवा, मग दर वेळी शोधाशोध नको.

जिभेचा भार जास्त झाला तर पिकअपची वहनक्षमता संपते. दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या पट्टीत माणसं आणि सामान मिळून किती चालेल ते लिहिलेलं असतं. १,२०० पौंडांची जीभ, चार माणसं आणि मागे टूलबॉक्स. अर्धाटनी पिकअप इथेच हरते, ओढण्याची ताकद कितीही असो.

टायरचं गणित तर फारच काठावरचं असतं. एसटी २३५/८०आर१६, लोड रेंज ई, हा टायर ८० पीएसआय हवेत ३,५२० पौंड पेलतो. ७,००० पौंडांच्या अ‍ॅक्सलवर असे दोन, म्हणजे ७,०४०. शिल्लक फक्त ४० पौंड, आणि तीही हवा पूर्ण असेल तरच. हवा ६५ वर आली, उन्हाळ्यातला रस्ता तापला, वेग ७५ वर गेला की टायर फुटतो आणि सोबत मडगार्ड व वायरिंग घेऊन जातो. बऱ्याच ट्रेलर टायरची वेगमर्यादा ६५ मैल असते. टायरच्या कडेला डीओटी अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसत असली तरी सहा वर्षांचा टायर बदला. ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, उभ्या उभ्या वाळून जातात.

चाकांचे नट टॉर्क रेंचने आवळा. अर्ध्या इंची स्टडला साधारण ९० ते १२० फूट-पौंड. चाक काढून बसवल्यावर १०, २५ आणि ५० मैलांवर पुन्हा तपासा.

हिच, साखळी, ब्रेक

मोठ्या ट्रेलरचा कपलर, म्हणजे पिकअपच्या बॉलवर बसणारी जिभेची वाटी, बहुधा २ पूर्णांक ५/१६ इंची बॉलसाठी असतो. त्यात २ इंची बॉल घातला तरी खटका बसतो आणि सगळं ठीक वाटतं. पहिल्या मोठ्या खड्ड्यात कपलर उडून निघतो. खात्री करायची रीत सोपी आहे: खटका बसवून पिन घाला आणि ट्रेलरचा जॅक फिरवून जीभ वर उचला. पिकअपचा मागचा भाग बरोबर उचलला गेला तर जोड पक्का.

साखळ्या जिभेखालून एकमेकींवर फुली मारून लावा, म्हणजे कपलर सुटला तरी जीभ त्या झोळीत पडते, रस्त्याला घासत नाही. ब्रेकअवेची तार मात्र साखळीच्या आकड्यात अडकवू नका. ती पिकअपच्या चासीला किंवा रिसीव्हरला (हिच बसते त्या नळीला) स्वतंत्र लावा, वळताना ताणली जाणार नाही इतकी सैल आणि जमिनीला लागणार नाही इतकी आखूड.

ब्रेकअवे म्हणजे ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी यंत्रणा. नियमाप्रमाणे ते ब्रेक किमान १५ मिनिटं लागून राहायला हवेत. तपासताना सगळे एकच चूक करतात: सात पिनांचा वायरिंगचा प्लग जोडलेलाच ठेवून ब्रेकअवेच्या तारेची पिन ओढतात. पिकअपचा करंट येत असल्याने मेलेली बॅटरीही जिवंत वाटते. आधी प्लग काढा, मग पिन ओढा, मग पिकअप हलकेच पुढे घ्या. ट्रेलरची चाकं घट्ट धरली गेली पाहिजेत. लगेच पिन परत घाला, नाहीतर बॅटरी उतरते. रस्त्यातल्या तपासणीत अधिकारी ही पिन ओढून बघतो, आणि बंद ट्रेलरमध्ये वर्षभर न बदललेली छोटी बॅटरी इथेच नापास होते.

गाडी बांधणं

१०,००० पौंडांच्या आतली गाडी पुढून आणि मागून, दोन्हीकडे बांधलेली हवी, आणि बांधणारे पट्टे किमान दोन, असं नियम सांगतो. आम्ही म्हणू, चार. पट्ट्यांची एकूण सुरक्षित क्षमता गाडीच्या वजनाच्या निम्मी तरी हवी. २,८०० पौंडांच्या गाडीला १,४०० पुरे. ट्रेलरच्या कडीपासून गाडीच्या कडीपर्यंत जाणाऱ्या पट्ट्याची अर्धीच क्षमता मोजतात. ३,३३३ पौंडांचे चार दोन-इंची रॅचेट पट्टे म्हणजे हिशेबात सुमारे ६,६६६. आकड्यात भरपूर आहे, पण पट्ट्यावर क्षमतेचा शिवलेला बिल्ला वाचता आला पाहिजे. बिल्ला गेलेला दोन-इंची पट्टा फक्त २,००० चा धरला जातो, आणि काठ फाटलेला पट्टा धरलाच जात नाही.

पट्टा चासीला बांधून गाडी खाली खेचली तर सस्पेन्शन दबतं, खड्ड्यात आणखी दबतं, पट्टा क्षणभर सैल होतो आणि आकडा निसटतो. त्यापेक्षा चाकावरून जाणारी जाळी वापरा किंवा कंट्रोल आर्मभोवती कापडी बाही घातलेला पट्टा लावा, म्हणजे चाक जखडतं आणि गाडी स्प्रिंगवर मोकळी राहते. ब्रेकची नळी पट्ट्याखाली चिरडत नाही ना, ते खाली वाकून बघा. गाडी गिअरमध्ये ठेवा. पहिल्या ५० मैलांत थांबून पट्टे तपासा, मग दर १५० मैलांनी किंवा तीन तासांनी. व्यावसायिकांना हे बंधनकारक आहे, हौशी माणसानेही तसंच करावं.

बाकीचं सामानही बांधा. सुटा जॅक, वेल्डिंगची टाकी, टायरांची चळत: तपासणीत मार्क जातात ते बहुधा यांच्यामुळे, आणि जोरात ब्रेक लागल्यावर गाडीच्या दारात घुसतात तीही हीच. इंधन मान्यताप्राप्त कॅनमध्येच न्या. पिटमध्ये सर्रास दिसणारे रंगीत चौकोनी प्लास्टिकचे जग बहुतेक ‘युटिलिटी’ म्हणून विकले जातात, रस्त्यावरून पेट्रोल नेण्यासाठी ते मान्य नसतात. ट्रॅकवर भरून घेता येत असेल तर रिकामे न्या. धंद्यासाठी जाणाऱ्याला एका कॅनमध्ये ८ गॅलन आणि अशा सगळ्या पदार्थांचं मिळून ४४० पौंड ही मर्यादा आहे.

वाट आणि वजनकाटे

फोनवरचा नकाशा तुम्हाला कार समजतो. न्यू जर्सीतल्या एडिसनहून कनेक्टिकटच्या लाइम रॉक ट्रॅकला निघालात तर तो सॉ मिल, टॅकॉनिक किंवा हचिन्सन रिव्हर पार्कवेवर नेऊ शकतो. या पार्कवेंवर ट्रेलर चालत नाहीत, पूलही बुटके आहेत. कनेक्टिकटचा मेरिट पार्कवेही तसाच. इंटरस्टेट धरून जा. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ५५ मैल आणि जागा उजवीकडच्या लेनमध्ये. बाजूची गर्दी ७५ ने जाते म्हणून तिच्याबरोबर जाऊ नका, तिकीट ट्रेलरवाल्यालाच मिळतं.

वजनकाट्यावर कुणी थांबायचं हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. प्रवासातल्या प्रत्येक राज्याचा नियम आधी बघून कागदावर लिहून घ्या. शंका असेल तर आत जा. गरज नसेल तर हिरवा दिवा दाखवून पुढे सोडतात. न थांबता गेलात आणि मागून दिवे लावलेली गाडी आली, तर संवादाची सुरुवातच वाईट होते. फ्लोरिडात तर वजनकाट्यांखेरीज शेतमाल तपासणीची ठाणी आहेत, आणि बंद मालवाहू ट्रेलर ओढणाऱ्या खासगी गाडीलाही तिथे थांबावं लागतं. तिथल्या सेब्रिंग ट्रॅकला जाणाऱ्यांनी हे विसरू नये.

मागे दिवे लागले तर

उजवीकडे, पूर्ण ट्रेलर पांढऱ्या रेषेबाहेर येईल अशी जागा बघून थांबा. हॅझर्ड दिवे लावा, इंजिन बंद करा, काच खाली घ्या, हात स्टिअरिंगवर. भारतात कागद घेऊन खाली उतरून साहेबांकडे जाण्याची सवय असते. इथे उतरू नका. उतरणं हा धोका मानला जातो. सांगितल्यावरच कागद काढा, आणि कुठून काढताय ते आधी बोला.

एक फाइल हाताशी ठेवा: लायसन्स, दोन्ही वाहनांचं रजिस्ट्रेशन, विमा, रेटिंगच्या दोन्ही पट्ट्यांचे फोटो, काट्याची ताजी पावती, शर्यतीच्या प्रवेशाची पावती, आणि एफएमसीएसएच्या त्या खुलाशाची छापील प्रत. टॅक्स रिटर्न सोबत नको, ते लागलंच तर कोर्टात.

अधिकारी विचारेल: कुठे चाललात, गाडी कुणाची, यातून पैसे मिळतात का, स्पॉन्सर आहे का, ट्रेलरचं रेटिंग किती. छोटी, खरी उत्तरं द्या. ‘माझी गाडी, माझी हौस, वॉटकिन्स ग्लेनला क्लबची रेस, स्पॉन्सर नाही.’ ‘टीम’, ‘क्रू’, ‘आमची कंपनी’ हे शब्द पिटमधल्या गप्पांसाठी ठीक, इथे त्यांचा अर्थ वेगळा घेतला जातो. कुठला नियम लागतो याबद्दल तो चुकतोय असं वाटलं तर खुलाशाची प्रत दाखवा, एकदा शांतपणे सांगा आणि थांबा. रस्त्याच्या कडेला वाद जिंकता येत नाही.

गाडी कशी बांधलीय ते बघायला दार उघडायला सांगितलं तर सगळं जागेवर बांधलेलं दिसलं पाहिजे. म्हणून बाजूच्या दारापाशी सामान रचू नका, तिथून गाडीचे पुढचे दोन पट्टे दिसतील अशी वाट ठेवा. पूर्ण तपासणी, म्हणजे सदतीस टप्प्यांची लेव्हल वन, झाली तर ब्रेक, दिवे, टायर आणि बांधणी बघितली जाते. गंभीर दोष निघाला तर वाहन तिथेच थांबवतात आणि दुरुस्तीशिवाय हलू देत नाहीत. सुटे फ्यूज, दिव्यांचे दोन बल्ब, ब्रेकअवेची नवी बॅटरी आणि एक सुटा पट्टा ही चार गोष्टींची पेटी तुम्हाला तासाभरात पुन्हा रस्त्यावर आणू शकते. दरवर्षी, बहुधा मे महिन्यात, तीन दिवस देशभर एकत्र तपासणीची मोहीम असते. तारखा आधी जाहीर होतात, आपल्या रेसशी जुळतात का ते बघून ठेवा.

तिकीट मिळालं तर सही करा. बहुतेक राज्यांत सही म्हणजे गुन्ह्याची कबुली नसते, हजर राहण्याचं वचन असतं. त्यावर लिहिलेलं कलम नीट वाचा. कलम ट्रेलरच्या दिव्याचं असेल तर दुरुस्ती करा, पावती जोडा, विषय मिटवा. कलम सीडीएल नसल्याचं किंवा डीओटी नंबर नसल्याचं असेल तर घाईने ऑनलाइन दंड भरू नका. भरला म्हणजे मान्य केलं. त्या राज्यातला वाहतूक वकील गाठा आणि त्याला रेटिंगच्या पट्ट्यांचे फोटो, रजिस्ट्रेशन, प्रवेशाची पावती आणि रिटर्नमधलं संबंधित पान द्या. तुमच्याकडे डीओटी नंबर असेल आणि तपासणीचा अहवाल चुकीचा नोंदला गेला असेल, तर एफएमसीएसएच्या डेटाक्यूज प्रणालीत दुरुस्तीची मागणी नोंदवता येते. अहवालाचा क्रमांक, तारीख आणि पुराव्याचे फोटो सोबत जोडा.